लेखकांच्या यादीत सिस्टर

१९५६ सालचा उन्हाळा. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत होत्या. बाळांना बंद, गरम खोलीत ठेवण्यापेक्षा मोकळी हवा आणि ऊन त्यांना जास्त मानवतं, असं त्यांचं मत. त्यामुळे ऊन पडलं की जरा सावरलेली बाळं अंगणात जायची. एकदा डॉक्टर राउंडला आले असताना सिस्टरनी थोडं बिचकतच एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट झालेलं, मात्र एका जागी त्रिकोणी तुकडा चांगलाच पिवळा. डॉक्टरांना वाटलं, इथे आयोडीन किंवा तसलंच काही लावलेलं असावं. सिस्टर म्हणाल्या, लावलेलं काही नाही. बाळाला कावीळ आहे, त्या जागेवर चादरीचं टोक आलं होतं, आणि बाकीच्या अंगाचा पिवळेपणा उन्हानं उतरला असावा. विषय तिथेच संपला. बाळ बरं होऊन घरी गेलं.

पुढे काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे पिवळेपणा आणणारं द्रव्य, अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. तेव्हा कुठे दोन गोष्टींची सांगड बसली. तिथल्याच क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी रीतसर प्रयोग केले, दिव्यांचं यंत्र तयार केलं, आणि मे १९५८ मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’मध्ये आला. नवजात काविळीवरची फोटोथेरपी ती हीच. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांत डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या प्रकाशाखाली ठेवलेली बाळं दिसतात, त्या उपचाराचा उगम रॉचफर्डच्या अंगणात आहे. निबंधाचे लेखक तीन. सिस्टर वॉर्ड त्यांत नाहीत. त्यांची हकीकत सविस्तर छापून आली ती १९७५ साली, त्या वेळच्या डॉक्टरांनी मागे वळून लिहिलं तेव्हा.

यात कुणी कुणाचं श्रेय लाटलं असं म्हणण्याचं कारण नाही. डॉक्टरांनीच तर पुढे सिस्टर वॉर्ड यांचं नाव सांगितलं. अडचण वेगळी होती. बेडपाशी जे दिसलं ते मोजायचं कसं, लिहायचं कसं आणि छापायला पाठवायचं कुठे, हा रस्ता त्या वॉर्डातून निघतच नव्हता. आपल्याकडे आज तो रस्ता कागदावर आहे. नर्सिंगची पदव्युत्तर महाविद्यालयं आहेत, प्रबंध सक्तीचे आहेत, पीएच.डी. आहे, नर्सिंगची नियतकालिकं आहेत. तरीही वॉर्डात रोज दिसणारी किती निरीक्षणं त्या रस्त्यानं शेवटपर्यंत पोचतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कंदिलाच्या अलीकडे आकडे

नर्सिंगचा पायाच मुळात आकडेवारीवर घातलेला आहे, हे आपण कंदिलाच्या चित्रापायी विसरलो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली, क्रिमियन युद्धात, स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. तिथे सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मरत होते. परत आल्यावर तिनं संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीनं मृत्यूंची महिनावार मांडणी केली आणि १८५८ मध्ये ती रंगीत, पाकळ्यांसारख्या आकृत्यांसह छापली. मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा, म्हणून आकृती. १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे तिनं मागणी मांडली की सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात. हिंदुस्थानात तिचं पाऊल कधी पडलं नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांना पाठवलेली प्रश्नावली तिनं तयार केली होती. त्या उत्तरांवर आधारलेला रॉयल कमिशनचा अहवाल १८६३ साली आला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू होत होते, आणि कारणं होती पाणी, गटारं आणि गर्दी.

म्हणजे प्रश्न विचारणं, मोजणं, छापणं आणि सत्तेपुढे ठेवणं या चारही गोष्टी पहिल्याच पिढीनं करून दाखवल्या. मग मधली बरीच वर्षं नर्सिंग शिस्त आणि सेवा यांच्यातच अडकलं. ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’ १९०० मध्ये निघालं. भारतात परिचारिकांच्या संघटनेनं, म्हणजे आजच्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियानं, १९१० पासून ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ चालवलं. शंभरी ओलांडलेलं नर्सिंगचं नियतकालिक आपल्याकडे आहे, ही गोष्ट नर्सिंगबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. निव्वळ संशोधनाला वाहिलेलं ‘नर्सिंग रिसर्च’ मात्र १९५२ साली अमेरिकेत सुरू झालं.

त्यानंतर व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकी परिचारिकेनं एक किचकट काम अंगावर घेतलं. येल विद्यापीठात बसून त्यांनी १९०० ते १९५९ या साठ वर्षांतल्या नर्सिंगविषयक लेखनाची चार खंडांची सूची तयार केली. लिओ सिमन्स यांच्याबरोबर १९६४ साली त्यांनी नर्सिंग संशोधनाचा आढावाही प्रसिद्ध केला. त्यात दिसलं असं की अभ्यास मुख्यतः परिचारिकांचे होते: त्या कोण, त्यांचं शिक्षण काय, त्या नोकरी का सोडतात. परिचर्येचा, म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या काळजीचा अभ्यास त्या मानानं फार थोडा होता. हे निरीक्षण साठ वर्षांपूर्वीचं आहे. आपल्याकडच्या प्रबंधांच्या कपाटापुढे उभं राहिलं तर ते कालचं वाटतं.

एक छापलेला कागद काय करतो

कपाटाकडे जाण्याआधी, परिचारिकांनी वॉर्डातला प्रश्न धरून तो छापला तेव्हा काय झालं, ते पाहू.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला, माकडहाडापाशी, टाचेला जखमा होतात. आपण त्यांना बेडसोअर म्हणतो. प्रत्येक वॉर्डात त्यावर आपापला इलाज असायचा. कुणी स्पिरिट-पावडर चोळायचं, कुणी तेल, कुणी मलम. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेनं वृद्धांच्या वॉर्डांत याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६२ मध्ये सहकाऱ्यांसह तो प्रसिद्ध केला. त्वचेला काय चोळलं यापेक्षा रुग्णाला वेळच्या वेळी कुशीवर वळवलं का, यानं फरक पडतो, हे त्यातून पुढे आलं. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हिंडणं-फिरणं, अंग हलवण्याची क्षमता आणि मलमूत्रावरचा ताबा अशा पाच गोष्टींना गुण देऊन कुणाला जखम होण्याचा धोका जास्त आहे हे आधीच ओळखायची पट्टीही तिनं दिली. पुढे बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी परिचारिका-संशोधकांनी सहा घटकांची नवी पट्टी बनवली. ती १९८७ साली ‘नर्सिंग रिसर्च’मध्ये आली. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण भरती झाला की सिस्टर जो ‘ब्रेडन स्कोअर’ लिहितात, तो हाच. दोन तासांनी कूस बदलण्याचा जो तक्ता खाटेला लटकलेला असतो, त्याच्यामागे कुणीतरी केलेली मोजणी आणि छापलेली पानं आहेत.

दुसरं उदाहरण आणखी साधं. हाताला लावलेली सलाइनची सुई बंद पडू नये म्हणून तिच्यात हेपारिन सोडण्याची रीत होती. हेपारिन रक्त पातळ करतं, त्याचे धोके आहेत आणि पैसेही लागतात. नुसत्या सलाइननं काम भागत असेल तर? अमेरिकेत कॉलीन गूड आणि सहकारी परिचारिकांनी तोवर झालेले विखुरलेले अभ्यास एकत्र करून त्यांचं विश्लेषण केलं आणि १९९१ साली प्रसिद्ध केलं. अशा सुयांसाठी साधं सलाइन तितकंच चालतं, असा निष्कर्ष निघाला. हातातल्या सुयांच्या बाबतीत हेपारिनची रीत मोडायला त्याची मदत झाली. हा प्रश्न ज्यांच्या हाताखालून रोज पन्नास सुया जातात, त्यांनाच पडू शकतो.

तिसरं उदाहरण सत्तेला भिडणारं. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या परिचारिका-संशोधक लिंडा एकेन यांनी १६८ रुग्णालयं, दहा हजारांहून जास्त परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांवर रुग्ण यांची माहिती जुळवली. २००२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निष्कर्ष आला: एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. ‘आमच्यावर फार ताण आहे’ हे वाक्य मेट्रनच्या ऑफिसात सगळ्यांनी हजारदा ऐकलेलं असतं, आणि त्यावर काही होत नाही. तोच ताण रुग्णाच्या मृत्यूच्या हिशेबात मांडला की आरोग्यमंत्र्यालाही उत्तर द्यावं लागतं. कॅलिफोर्नियानं रुग्ण-परिचारिका प्रमाणाचा कायदा १९९९ मध्येच केला होता, तो २००४ पासून लागू झाला. त्यानंतर जगभर या विषयावर जो वाद झाला, त्यात एकेन यांचे आकडे दोन्ही बाजूंना टाळता आले नाहीत.

सोनेरी अक्षरांचं कपाट

आता आपल्याकडे. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये १९५९ साली नर्सिंगची पदव्युत्तर पदवी सुरू झाली. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ चं. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं आणि राज्यातली बहुतेक नर्सिंग महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली गेली. पीएच.डी.साठी इंडियन नर्सिंग काउन्सिलनं २००६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा कन्सॉर्शियम उभा केला. एम.एस्सी.ची दोन वर्षं, त्यात प्रबंध सक्तीचा. बी.एस्सी.च्या मुलामुलींनाही गटानं एक लहान संशोधन प्रकल्प करावाच लागतो.

यातला क्रम नर्सिंगच्या कुठल्याही विद्यार्थिनीला झोपेत विचारला तरी सांगता येईल. विषय निवडायचा, सिनॉप्सिस लिहायची, एथिक्स कमिटीपुढे उभं राहायचं, टूल तयार करायचं, ते व्हॅलिडिटीसाठी तज्ज्ञ मॅडमना पाठवायचं, प्रश्नावली मराठीत करून घ्यायची आणि मराठीवरून पुन्हा इंग्रजीत आणून ताडायची, पायलट करायचं, मग मेन स्टडी. रुग्णालयाची परवानगी मिळवण्यात एक ऋतू जातो. डेटा घेऊन स्टॅटिस्टिशियनकडे, तिथून गाइड मॅडमकडे, तिथून बाइंडिंगवाल्याकडे. पाठीवर सोनेरी अक्षरं उमटलेला जाड प्रबंध ग्रंथालयात जमा होतो, व्हायवा होते, पेढे वाटले जातात.

पुढचा परीक्षार्थी नमुन्यासाठी कपाट उघडेपर्यंत तो प्रबंध सहसा कुणी उघडत नाही.

कपाटातली शीर्षकं वाचत गेलं की एक साचा दिसू लागतो. अमुक आजाराविषयी तमुक गटाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम, अमुक शहरातल्या निवडक रुग्णालयांत. एकच गट घ्यायचा, आधी प्रश्नपत्रिका द्यायची, मग शिकवायचं, आठवड्यानं तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. ते वाढणारच. तुलनेला दुसरा गट नसतो, वाढलेलं ज्ञान महिन्यानं उरलं का हे पाहिलेलं नसतं, आणि त्या ज्ञानानं रुग्णाच्या अंगावरची एक तरी जखम कमी झाली का, हे तर विचारलेलंच नसतं. नमुना बहुतेकदा सोयीचा: जे भेटले ते. शेवटी ‘पी’ची किंमत ०.०५ पेक्षा कमी, म्हणून गृहीतक मान्य.

हा दोष विद्यार्थिनींचा म्हणून सोडून देणं सोपं आहे. त्यांच्या हातात प्रत्यक्ष डेटा घ्यायला काही आठवडेच असतात. वॉर्ड परका, तिथल्या इन्चार्ज सिस्टर अनोळखी. औषध बदलायचा अधिकार नाही, ड्रेसिंगची पद्धत बदलायला सर्जनची संमती लागते. या सगळ्यांत निर्धोक काय, तर शिकवणं आणि परीक्षा घेणं. परीक्षकही तेच ओळखतात, म्हणून तेच पास होतं. साचा असा घट्ट होत जातो. हेंडरसन यांना जे दिसलं होतं, ते वेगळ्या वाटेनं आपल्याकडेही आलं: अभ्यास होतात, पण अभ्यासाची वस्तू रुग्ण नसते.

दीडशे पानांतून बारा

समजा, एखादीचा प्रबंध साच्याबाहेरचा आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात हाताच्या शिरेला सूज का वाढते, सुई किती तासांनी बदलली आणि कुठे लावली की कमी वाढते, असं काहीतरी तिनं नीट मोजलं आहे. ते छापायचं म्हटलं की नवं काम सुरू होतं, आणि ते अभ्यासक्रमात कुणी शिकवलेलं नसतं.

प्रबंध हा परीक्षकाला आपण सगळं वाचलंय हे पटवण्यासाठी लिहिलेला असतो. निबंध वाचकाला एक गोष्ट पटवण्यासाठी लिहायचा असतो. नियतकालिकं साधारण तीन ते पाच हजार शब्द देतात. म्हणजे नर्सिंगच्या व्याख्यांपासून सुरू होणारी तीस पानांची पूर्वपीठिका जाते, सिद्धान्ताची आकृती बहुधा जाते, वय-लिंग-धर्म-शिक्षण-उत्पन्न यांचे वीस तक्ते एका तक्त्यात येतात. उरतं ते चार प्रश्नांचं उत्तर: हे का केलं, कसं केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय. कापाकापीत जीव तुटतो, कारण एकेका तक्त्यासाठी उन्हातान्हात हिंडलेलं असतं. पण बारा पानांत मावत नसेल तो निष्कर्ष बहुधा दीडशे पानांतही नसतो.

मग संपादकाचे प्रश्न. एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक कुठे आहे? रुग्णावर काही प्रयोग केला असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद केली होती का? ही रजिस्ट्री २००७ पासून आहे, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. अभ्यास संपल्यावर ‘आता करून टाकू’ म्हणून चालत नाही. चांगला अभ्यास एवढ्या एका कारणानं अडू शकतो, आणि हे सिनॉप्सिसच्या वेळी सांगायला हवं ते नेमकं छापायच्या वेळी कळतं.

त्यानंतर परीक्षण. दोन अनोळखी परीक्षक निबंध वाचतात, महिने जातात, आणि परत येतो तो लालच लाल होऊन. ज्या मुलीला आजवर ‘व्हेरी गुड’ची सही मिळत आली, तिला हा अपमान वाटतो. बहुतेक जणी इथे थांबतात. खरं तर सुधारणा करून परत पाठवा असं पत्र येणं ही चांगली खबर असते, पण ते सांगायला शेजारी कुणीतरी तो रस्ता चाललेलं लागतं. एव्हाना ही मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात ट्यूटर म्हणून लागलेली असते, लग्न ठरलेलं असतं, गाइड मॅडमकडे नवी बॅच आलेली असते. मेलला उत्तर द्यायचं राहून जातं.

नावांचा प्रश्नही याच टप्प्यावर उभा राहतो. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कुणाला म्हणायचं याचे चार निकष घातले आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम रूपाला संमती आणि मजकुराची जबाबदारी. चारही हवेत. या हिशेबात प्राचार्यांचं नाव केवळ पदामुळे येऊ शकत नाही. पण त्याच निकषांत आणखी एक गोष्ट आहे, ती कमी सांगितली जाते: ज्यांचा कामात भरीव वाटा आहे त्यांना लिहिण्यात सहभागी होण्याची संधी दिली गेली पाहिजे. ज्या वॉर्डातल्या सिस्टरनी तीन महिने रात्रीच्या नोंदी ठेवल्या, त्यांची बोळवण ‘आभार’ या शब्दात करणं म्हणूनच पुरेसं नाही. त्यांना मसुदा वाचायला बोलावलं का, हे विचारायला हवं.

‘डिअर एमिनंट प्रोफेसर’

थकलेल्या माणसाला आडवाट लगेच सापडते. सकाळी मेल उघडला की एक आर्जवी पत्र असतं. तुमच्या थोर कार्यानं आम्ही प्रभावित झालो आहोत, पुढच्या अंकासाठी लेख पाठवावा. पाठवला की दोन-तीन दिवसांत स्वीकारल्याचं कळतं, लगोलग शुल्काचा आकडा येतो, पैसे भरले की प्रमाणपत्रासकट लेख ‘आंतरराष्ट्रीय’ होतो. परीक्षण झालेलंच नसतं. हीच ती लुटारू नियतकालिकं.

या धंद्यात भारताचं नाव नको इतकं वर आहे. २०१५ मध्ये सेन्यू शेन आणि बो-क्रिस्टर ब्यर्क यांनी केलेल्या पाहणीत अशा नियतकालिकांतले लेख २०१० मधल्या सुमारे ५३ हजारांवरून २०१४ मध्ये अंदाजे ४ लाख २० हजारांवर गेल्याचं दिसलं. लेखकांपैकी जवळपास तिसरा हिस्सा भारतातला होता. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून जास्त दंड सुनावला. नर्सिंगपुरतं पाहायचं तर मॅरिलिन ओरमन आणि सहकाऱ्यांना २०१६ च्या अभ्यासात अशी १४० नर्सिंग नियतकालिकं सापडली होती.

याला मागणी कुठून येते? बढतीच्या अर्जातल्या रकान्यातून. तिथे किती छापलं हे विचारतात, काय छापलं हे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं चांगल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करून निवड संस्थांवर सोपवली. पीएच.डी.साठी आधी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. सक्ती गेली हे बरंच झालं, पण यादीही गेल्यामुळे नियतकालिक पारखायचं काम आता लिहिणारीच्या अंगावर आलं आहे. पारख अवघड नाही. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, नियतकालिक मेडलाइनमध्ये किंवा डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत आहे का, शुल्क आधी जाहीर केलंय का, आणि आपल्या ओळखीच्या एखाद्या चांगल्या संशोधकानं तिथे कधी लिहिलंय का. चारपैकी दोन उत्तरं नकारार्थी आली की पैसे वाचवावेत. लुटारू नियतकालिकात गेलेला चांगला अभ्यास दुसरीकडे पुन्हा छापता येत नाही, हे नुकसान शुल्कापेक्षा मोठं.

रजिस्टरं भरणाऱ्या बायका

आणि जी अधिपरिचारिका शिकत नाही, नोकरी करते, तिचं काय? तिच्याकडे पद्धत नाही, वेळ नाही, इंग्रजीची धास्ती आहे. पण तिच्याकडे विद्यार्थिनीकडे नसलेली एक गोष्ट आहे: वॉर्ड. आठ तासांत ती जे पाहते ते राउंडला दहा मिनिटं आलेल्या कुणालाच दिसत नाही. कोणती सलाइन कधी फुगते, सिझेरियन झालेली बाई बाळाला पहिल्यांदा पाजायला का उशीर करते, नाइटला नातेवाईक बाहेर काढल्यावर कोणते रुग्ण खाटेवरून पडतात, सिकलसेलच्या पोराचं दुखणं पहाटे का वाढतं. शिवाय ती लिहीत असतेच. पडण्याच्या घटना, बेडसोअर, कॅथेटरचा संसर्ग, औषधाच्या चुका यांचे आकडे गुणवत्ता मानांकनासाठी दरमहा भरले जातात. ही माहिती वर जाते आणि तिथून कधी खाली येत नाही.

गावपातळीवर ठेवलेल्या नोंदींतून काय उभं राहू शकतं, याचे धडे महाराष्ट्रानं जगाला दिले आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांपाशी बसून राहिले, आणि त्यांचं काम १९८२ मध्ये, मग १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी आणि नोंद शिकवली. १९९९ सालच्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात, ४७ गावांच्या तुलनेत, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २०११ साली आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचं राष्ट्रीय धोरण त्यातून आलं. पहिले डॉक्टर होते, दुसऱ्या आरोग्यदूत. मधल्या पायरीवर उभी असलेली, शिकलेली, परवाना असलेली परिचारिका मात्र या यादीत क्वचित दिसते.

तिला जमेल असा एक मार्ग आहे, गुणवत्ता सुधारणेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयानं दिल्लीच्या एम्सबरोबर बाळ-बाळंतिणींच्या विभागांसाठी एक सोपी चार पायऱ्यांची पद्धत बसवली: अडचण निवडून ध्येय लिहा, कारण शोधा आणि मोजा, लहानसा बदल करून पाहा, टिकला तर कायम करा. यात मोठा नमुना लागत नाही. ‘जन्मल्यापासून तासाभरात किती बाळांना अंगावर पाजलं’ हा एकच आकडा रोज फळ्यावर मांडायचा. ओव्हर देण्याची पद्धत बदलली, बाळ वजनाला नेण्याआधी आईच्या छातीवर ठेवलं, की रेघ वर जाते की नाही ते दिसतं. असे अहवाल लिहायला ‘स्क्वायर’ नावाची मार्गदर्शक चौकट आहे, आणि ते छापणारी प्रतिष्ठित नियतकालिकंही आहेत. अशा अहवालांवर डॉक्टरांच्या बरोबरीनं परिचारिकांची नावं येऊ शकतात.

ड्युटी लिस्टमधला रकाना

म्हणजे आपल्याकडे दोन अर्धी माणसं आहेत. एकीला पद्धत येते, तिला वॉर्ड नाही. दुसरीपाशी वॉर्ड आहे, तिला पद्धत शिकायला वेळ नाही. नर्सिंग कॉलेज आणि रुग्णालय पुष्कळदा एकाच आवारात, एकाच फाटकाच्या आत असतात, तरी त्यांची गाठ पडते ती विद्यार्थिनींच्या हजेरीपुरती.

गाठ घालायला नवी योजना, नवी इमारत लागत नाही. विषय निवडताना पाठ्यनिर्देशिकांनी वॉर्डच्या परिसेविकेला विचारावं: तुम्हाला कशाचा त्रास होतो? तिच्या उत्तरातून निघालेला विषय एका विद्यार्थिनीनं संपवायचा नाही. पहिल्या बॅचनं नुसतं मोजायचं, दुसरीनं बदल करून पाहायचा, तिसरीनं तो टिकला का ते तपासायचं. तीन सोनेरी प्रबंधांऐवजी एक भक्कम निबंध होतो, आणि त्यावर वॉर्डातल्या सिस्टरचं नाव निकषांनी येतं, मेहेरबानीनं नव्हे. सिनॉप्सिस मंजूर करतानाच कुठल्या नियतकालिकाकडे पाठवणार आणि लेखकांचा क्रम काय, हे एका कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. नंतरची भांडणं त्यातच मिटतात.

सगळ्यात महाग आणि सगळ्यात आवश्यक गोष्ट वेळ. इंडियन नर्सिंग काउन्सिलचे निकष शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असं सांगतात. प्रत्यक्षात वॉर्डात उभं राहून मोजावं. नाइट करून आलेल्या बाईला संशोधन करा म्हणणं ही थट्टा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांच्या नोकरीत संशोधन हा कामाचा भाग धरला जातो. अधिपरिचारिकेच्या नोकरीत तो धरलेला नाही, म्हणून तिनं केलंच तर रजा टाकून, पोरांचं सगळं आवरून, रात्री अकरानंतर करायचं. आठवड्यातले चार तास ड्युटी लिस्टमध्ये या कामासाठी लिहून द्यायला मेट्रनला अधिकार हवा, आणि त्या तासांत वॉर्डात दुसरी सिस्टर हवी.

इथे विषय पुन्हा एकेन यांच्या आकड्यांवर येतो. मनुष्यबळ मागायला पुरावा लागतो, आणि पुरावा गोळा करायला मनुष्यबळ. हा फेरा आपल्याच रुग्णालयांच्या आकड्यांनी तोडावा लागेल. पेनसिल्व्हानियाचे आकडे मंत्रालयात फार लांबचे वाटतात. किती खाटांमागे किती सिस्टर, त्या रात्री किती पडले, किती जखमा वाढल्या, एवढं जरी एका जिल्हा रुग्णालयानं वर्षभर नीट मांडलं आणि परिचारिकांच्या नावानं छापलं, तरी पुढच्या पदभरतीच्या बैठकीत टेबलावर ठेवायला एक कागद असेल. दरमहा भरली जाणारी रजिस्टरं तयार आहेत. ती वाचायचे चार तास कोण देणार, एवढंच ठरायचं आहे.